भाचीसाठी फँटसी कादंबरी सुचवा, जरा कस लागेल अशी

वैदेही_नौपाडा

नमस्कार मंडळी, एक सल्ला हवा होता. माझी भाची ऐरोलीला असते, यंदा सातवीत गेली, वाचायचं प्रचंड वेड. हॅरी पॉटरचे सातही भाग इतक्यांदा वाचलेत की पानं सुटायला आलीत, त्यानंतर मैत्रिणींकडून आणलेल्या ड्रॅगनवाल्या आणि ग्रीक देवांवाल्या सगळ्या सिरीज झाल्या, शनिवारी सकाळी धरलेलं पुस्तक रविवारी रात्री संपलेलं असतं, चुरमुरे खाल्ल्यासारखी पुस्तकं खाते पोरगी. पण कसं होतं विचारलं की "ठीक होतं", बस.

परवा माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा जेवताना स्वतःहून म्हणाली, मावशी, मला असं पुस्तक दे ना ज्यात पुढे काय होणार ते मला आधीच कळणार नाही. आत्ताची सगळी पुस्तकं तिला पहिल्या काही पानांतच कळतात म्हणे, हा निवडलेला मुलगा, हा त्याचा मित्र दगा देणार, हे म्हातारे गुरुजी मरणार. ऐकून मला इतका आनंद झाला की हिच्यासाठी खरंच काहीतरी चांगलं शोधायचंच असं ठरवलंय. माझं वाचन बहुतेक मराठी, कथा आणि चरित्रं, फँटसी म्हणाल तर लहानपणी अरबी सुरस कथा आणि मतकरींची नाटकं तेवढीच, म्हणून तुम्हाला विचारते.

काही गोष्टी आधीच सांगते. इंग्लिश मीडियमला आहे पण आजी घरात असल्यानं मराठीही व्यवस्थित वाचते. पुस्तकात कोणी मेलं बिलं तर चालतं, रक्ताचे पाट नकोत. पंधरा भागांची सिरीज नको, त्यातच अडकून पडते. आणि प्लीज लांबलचक यादी नको, याद्या ऑनलाइन ढिगानं मिळतात. एक नाव सांगा आणि तेच का ते सांगा.

खाडीपल्याड

वैदेहीताई, एकच नाव सांगायचं तर अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. १९६८ चं पुस्तक आहे, जेमतेम दोनशे पानांचं, आणि तुमच्या भाचीनं जे मागितलंय ना तेच त्यात आहे.

सगळी गोष्ट सांगत नाही, फक्त सुरुवात. गाँट नावाचं डोंगराळ बेट, तिथे शेळ्या राखणारा गेड नावाचा एक मुलगा, आई लहानपणीच गेलेली, बाप धातूकाम करणारा आणि कडक, मुलाच्या अंगात जादूची उपजत ताकद. तो पुढे रोक बेटावर जादूगारांच्या शाळेत जातो. इथे भाचीला वाटणार, हां, हे मला माहितीये, शाळा, एक जिवाभावाचा मित्र, एक खवचट उमराव घरातला मुलगा. आणि नेमकं तिथेच पुस्तक तिला चकवतं. त्या खवचट मुलाला दाखवून द्यायच्या ईर्ष्येनं हा गेड स्वतःच असं काही करून बसतो की त्यात एका वृद्ध माणसाचा जीव जातो आणि एक भयंकर गोष्ट जगात मोकाट सुटते. भविष्यवाणी नाही, गादीवर बसलेला कोणी दुष्ट राजा नाही ज्याला शेवटी मारायचं. जे सुटलंय ते ह्यानंच सोडलंय. पुढचं पुस्तक म्हणजे हा मुलगा ते ओझं घेऊन कसा जगतो, बराचसा काळ एकटा, एका छोट्या होडीत, थंड समुद्रावर.

कस कुठे लागतो ते सांगतो. वाक्यं साधी आहेत, डिक्शनरी घेऊन बसावं लागणार नाही. पण ले ग्विनबाई काही समजावून सांगत बसत नाहीत. शाळेतला एक प्रसंग बघा. हाताची जादू शिकवणारे गुरुजी एक खडा घेतात आणि त्याचा हिरा करून दाखवतात, पण तो दिसायलाच हिरा, क्षणभराचा. गेड विचारतो की हा कायमचा हिरा कसा करायचा. त्यावर गुरुजी रागवत नाहीत, ते शांतपणे सांगतात की करता येतो, पण एक खडा जरी खरोखर बदललास तरी सगळं जग बदलतं, आणि त्याचं पुढे काय होणार हे तुला माहीत असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि वर म्हणतात की खडासुद्धा मुळात चांगलीच गोष्ट आहे. गेडला हे अजिबात पटत नाही, तो चिडून निघून जातो. आता बारा वर्षांच्या मुलीला इथे ठरवायला लागतं की कोणाचं बरोबर. पुस्तक लगेच उत्तर देत नाही, पुढे कितीतरी पानांनंतर तिचं तिलाच कळतं की अरे, हे त्या खड्याबद्दलच चाललंय. कठीण म्हणजे हे, पानांची जाडी नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, गोरे लोक आहेत ते बाहेरून हल्ला करायला येणारे. ले ग्विन यांनी हे मुद्दाम केलं होतं, आणि तरी वर्षानुवर्षं कव्हरवर गेड गोरा काढत राहिले, २००४ साली टीव्हीवर आलेल्या मालिकेतही गोरा मुलगा घेतला तेव्हा त्यांनी जाहीर लिहून नाराजी व्यक्त केली. आपली मुलं जी जाड जाड फँटसी वाचतात त्यात आपल्यासारखा दिसणारा माणूस फार तर बाजारात मसाले विकत असतो. इथे तोच नायक आहे आणि त्याचा कुठे गाजावाजा नाही.

सुहास_पाचपाखाडी

अर्थसी उत्तम आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण मी म्हणेन टोलकिनपासून सुरुवात करा. 'द हॉबिट' १९३७ चं, आणि त्याच्या प्रकाशनाची हकिगत तुमच्या भाचीला नक्की सांगा. प्रकाशक होते स्टॅन्ली अन्विन, त्यांच्या मते मुलांचं पुस्तक चांगलं की वाईट हे मुलांनीच सांगावं, म्हणून हस्तलिखित त्यांनी स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं आणि अभिप्राय लिहायचा एक शिलिंग दिला. त्यानं लिहिलं की छान आहे, छापा. तोच रेनर मोठा होऊन वडिलांच्या कंपनीत आला आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापायचा आग्रह त्याचाच होता, तेव्हा त्या पुस्तकात पैसे बुडतील असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणजे एका शाळकरी वाचकाच्या शब्दावर हे सगळं उभं राहिलंय. मुलांच्या मताला किती किंमत असावी हे यातून दिसतं, मला तरी ही गोष्ट फार आवडते.

हॉबिटमधला पाचवा चॅप्टर, जिथे नायक बिल्बो आणि गॉलम नावाचा विचित्र प्राणी अंधारात कोड्यांची स्पर्धा लावतात, हरला तर जीव जाणार, तो मी माझ्या मुलाला उपवनच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला होता, प्रत्येक कोड्याला थांबायचं, आधी त्यानं उत्तर शोधायचं मग पुढे. तासभर त्यात गेला. असं थांबत वाचायची सवय लागली की मग ते एका वीकेंडला पुस्तक संपवणं आपोआप कमी होतं.

आणि मराठीतूनही सोय आहे. हॉबिट मराठीत आलंय आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' नावानं आहे. आजी आणि नात दोघींनी मिळून वाचण्यासारखं.

खाडीपल्याड

सुहासजी, रेनरची गोष्ट मस्तच. पण त्यानं अभिप्रायात हेही लिहिलं होतं की हे पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल! सातही हॅरी पॉटर कोळून प्यायलेल्या मुलीला हॉबिट कठीण जाणार नाही, आनंद मिळेल पण कस लागणार नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये कस लागतो, मान्य. हजारेक पानं आहेत आणि सुरुवातीला शायर नावाच्या मुलुखातून बाहेर पडायलाच कितीतरी चॅप्टर जातात, मध्ये पानपानभर गाणी, वंशावळी, नद्यांची नावं. ज्याला ते जग आवडलं त्याला त्या नद्यासुद्धा आवडतात, मी त्यातलाच. पण वैदेहीताईंनी एक पुस्तक मागितलंय आणि मुलगी आत्ता कंटाळून बसलीये. अशा वेळी हजार पानं हातात दिली आणि ती शंभराव्या पानावर ठेवली तर तिला वाटेल कठीण पुस्तकं म्हणजे लांबलेली पुस्तकं. ते नको व्हायला. पुढच्या वर्षी द्या की.

केतकी_सीवूड्स

मी वेगळं नाव सांगते, फिलिप पुलमन, 'नॉर्दर्न लाइट्स', १९९५. अमेरिकेत हेच 'द गोल्डन कंपस' नावानं मिळतं, ऑनलाइन घेताना दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका.

ह्यात प्रत्येक माणसाचा आत्मा त्याच्या शरीराबाहेर एका प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत असतो. मुलांचा प्राणी सारखा रूप बदलतो, घाबरलं की पतंग, भांडताना रानमांजर, आणि वयात आलं की एका रूपात कायमचा स्थिर होतो. सातवी आठवीतल्या मुलीला ही कल्पना आतपर्यंत लागते हो. माझी लेक पुस्तक वाचत असताना मधेच येऊन मला म्हणाली की आई, माझा प्राणी अजून ठरला नसेल ना? आणि आम्ही त्यावर कितीतरी वेळ बोलत बसलो, मोठं झाल्यावर काय पक्कं होतं आणि ते आपल्या हातात असतं का यावर. एरवी ह्या वयात आईशी कोण एवढं बोलतं.

आणि कठीण तर आहेच. तीन भाग आहेत, तिसऱ्याला, 'द अँबर स्पायग्लास'ला, २००१ सालचं व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं, मुलांच्या पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. पुलमन यांनी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातून कल्पना घेतलीये, धर्मसंस्थेवर सरळ सरळ टीका आहे. फक्त एक सावध करते, पहिल्या भागाचा शेवट फार लागतो. वाचून संपेल त्या दिवशी घरी कोणीतरी मोठं माणूस असू द्या.

वैदेही_नौपाडा

बापरे किती मनापासून सांगताय सगळे, खूप आभार. मी ताईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की एवढं उदास, ओझंबिझं, आत्मे, ह्या वयात कशाला? आधीच पोरगी हळवी आहे. शिवाय तिला वाटतं कठीण इंग्लिश आलं की ती पुस्तक टाकून फोन हातात घेईल. आणि एक प्रश्न माझा, आपल्याकडचं, आपल्या मातीतलं असं काही नाही का? सगळं तिकडचंच ऐकतेय. घरात गौरी देशपांडे यांच्या अरेबियन नाइट्सचे काही खंड आहेत ते दिले तर?

शाळेतली_लायब्ररी

वैदेही, आधी शेवटचं. गौरीताईंचे ते खंड आत्ता कपाटातच राहू द्या. ते रिचर्ड बर्टनच्या संपूर्ण अरेबियन नाइट्सवरून केलेत, काहीही गाळलेलं नाही, मोठ्यांसाठीचं काम आहे आणि फार मोलाचं आहे, कॉलेजात गेली की तिनं ते जरूर वाचावेत. आपल्याकडचा धागा असलेलं हवं असेल तर सलमान रश्दी यांचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' बघा, १९९० चं. त्यांनी ते आपल्या मुलासाठी लिहिलं, स्वतः लपून राहत होते त्या काळात. गोष्टी सांगणाऱ्या बापाची गोष्ट सांगायची ताकदच जाते आणि मुलगा ती परत आणायला निघतो. पात्रांची, गावांची नावं आपल्या बोलण्यातली, बातचीत, गप, चुप, खत्तम-शुद, इंग्लिश वाचणाऱ्या पण घरी मराठी हिंदी ऐकणाऱ्या मुलांना त्यात जी मजा येते ती बाहेरच्या मुलांना कळणारच नाही. फक्त तुमच्या भाचीला जो कस लावायचाय तो त्यात वरच्या थरावर नाही. भरभर वाचलं तर गंमत म्हणून संपून जाईल.

आता तुमच्या ताईच्या काळजीबद्दल. नवी मुंबईतल्या एका शाळेच्या लायब्ररीत मी बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगते. हळवी मुलं दुःखाच्या पुस्तकानं कोमेजत नाहीत. ज्या पुस्तकात दुःख खोटं असतं, म्हणजे एका पानावर कुत्रा मेला आणि पुढच्या पानावर सगळे हसतायत, त्यानं ती गोंधळतात. खरं दुःख असलं आणि ते नीट शेवटापर्यंत नेलं असलं की मुलं ते पेलतात आणि आपल्याकडे येऊन बोलतात. केतकीच्या लेकीचं तसंच झालं ना.

कठीण इंग्लिशचं म्हणाल तर शब्द अडला म्हणून पुस्तक टाकणारी मुलं मी फार कमी बघितली. अडलेला शब्द ती सरळ उडी मारून ओलांडतात. पुस्तक टाकतात ती कोणीतरी परीक्षा घेतं म्हणून. किती पानं झाली, काय शिकलीस, सारांश लिही. एवढं मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा की पुस्तक दिल्यावर विचारायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं.

आणि मला विचाराल तर माझं एक नाव आहेच, रिचर्ड अॅडम्स यांचं 'वॉटरशिप डाउन', १९७२. सशांची गोष्ट आहे म्हणून लोक लहान मुलांना देतात, ते चुकीचं आहे, हे जवळपास पाचशे पानांचं गंभीर पुस्तक आहे. अॅडम्स मुलींना शाळेत सोडताना गाडीत ही गोष्ट सांगायचे, मुलींनीच मागे लागून लिहायला लावली. त्यात सशांची स्वतःची भाषा आहे, देव आहे, पुराणकथा आहेत.

त्यातला एक भाग मी मुलांना हटकून वाचून दाखवायचे. आपलं बीळ सोडून पळालेले काही ससे, दमलेले, भुकेले, एका दुसऱ्या वसाहतीत पोचतात. तिथले ससे धष्टपुष्ट, तुकतुकीत, स्वागत करतात, कविता म्हणतात. जवळच कोणीतरी रोज गाजरं टाकून जातं. बिळं मोठाली आणि अर्धी रिकामी. आणि एकच गोष्ट विचित्र, अमका कुठे आहे असं विचारलं की तिथला कोणी उत्तर देत नाही, विषय बदलतो, ऐकलंच नाही असं करतो. एवढंच वाचून मी पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, सांगा काय चाललंय इथे. वर्गात एकदम शांतता, मग एखादी मागच्या बाकावरची हळूच हात वर करायची. जिनं ओळखलं तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तुमच्या भाचीला पुढचं आधी कळतं ना, इथे तिची ती हुशारी कामाला येईल, कारण लेखकानं सगळे धागे समोरच ठेवलेत, लपवलेलं काहीच नाही, तरी पटकन दिसत नाही.

सई_खारघर

हाय, मी आत्ता अकरावीला आहे म्हणजे इथे सगळ्यात लहान मीच असेन, पण मला हे वाचून लिहावंसं वाटलं कारण मी सातवीत असताना माझ्या मामानं मला अर्थसी दिलेलं आणि मी ते अर्ध्यात ठेवलं होतं. कठीण म्हणून नाही. त्यात सगळे मुलगेच आहेत, रोकच्या शाळेत मुली नाहीतच, बायका म्हणजे गावातली चेटकीण नाहीतर कोणीतरी मोहात पाडणारी, मला वाटलं ह्यात माझं काय काम. मग नंतर दुसरा भाग हातात आला 'द टूम्स ऑफ अटुआन' आणि तो मी रात्री दोनपर्यंत जागून वाचला.

त्यात टेनार म्हणून मुलगी आहे, तिला अगदी लहान असताना आईबापांकडून उचलून आणतात, कारण मेलेली मुख्य पुजारीण हिच्या रूपात परत जन्माला आली असं ठरवलेलं असतं. तिचं नावच काढून घेतात. तिच्या ताब्यात जमिनीखालचा एक भूलभुलैया आहे जिथे दिवा न्यायची कोणालाच परवानगी नाही, ती सगळे रस्ते अंधारात हात भिंतीवर फिरवून पाठ करते, डावीकडे इतकी वळणं मग उजवीकडे इतकी, आणि वाचताना तुम्हीपण मोजायला लागता. ती तिथली सगळ्यात पॉवरफुल आहे आणि कैदीपण तीच आहे आणि हे तिला कळायला अर्ध पुस्तक जातं. आणि बराच वेळ ती चांगली वागतही नाही, कैद्यांना उपाशी मारायची शिक्षा तीच देते, मग रात्री तिला झोप लागत नाही. गेड येतो पण मधूनच येतो, आणि तोपर्यंत तुम्ही पूर्ण तिच्या बाजूनं झालेले असता त्यामुळे तो चोरच वाटतो. मी असं आधी कुठेच वाचलं नव्हतं की पहिल्या भागाचा हीरो दुसऱ्या भागात अंधारात उभा असलेला चोर.

तर मावशी मी म्हणेन सरळ दुसऱ्या भागापासून चालू करा. पहिला नंतर वाचला तरी काही अडत नाही. मी तसंच केलं, टेनारनंतर पहिला परत काढला आणि मग तो खूप आवडला, तो खड्याचा सीन पण.

सुहास_पाचपाखाडी

सईचं उत्तर वाचून मी माझं हॉबिट मागे घेत नाही पण दोन नंबरला ठेवतो.

केतकी_सीवूड्स

सई किती छान लिहिलंस. रोकच्या शाळेत मुली नाहीत हे माझ्या लेकीनंही विचारलं असतं. वैदेही, हे पुस्तक मी पण आणतेय, पुलमन तेरा चौदाला द्या, तोपर्यंत घाई नको. फोर्टला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी मिळतात कधी कधी, पण एकच भाग शोधायला जाल तर सापडेलच असं नाही, तिथे जे नशिबात असेल ते घेऊन यायचं. नेमकं हवं असेल तर ऑनलाइनच बरं.

वैदेही_नौपाडा

सई बाळा, तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. माझी भाची असंच काहीतरी बोलली असती असं वाटलं. ताईलाही वाचून दाखवलं, ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली आण. म्हणजे अर्थसी पक्कं. पण आता पहिला की दुसरा? खाडीपल्याड, तुम्ही काय म्हणता? आणि सगळे भाग एकत्र असलेलं मोठं सचित्र पुस्तक दिसतंय ऑनलाइन, तेच घेऊन टाकू का, परत परत शोधायला नको.

शाळेतली_लायब्ररी

दोन्ही घ्या आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवा. पहिली दोन पानं ह्याची, पहिली दोन पानं त्याची वाचायला सांगा आणि तिला निवडू दे. स्वतः निवडलेलं पुस्तक मुलं सहसा सोडत नाहीत. आणि पुढच्या वेळी ठाण्याला आली की तिला स्टेशनजवळच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा, १८९३ पासूनची संस्था आहे, काय वाचायचं ते ठरवून जाऊ नका, नुसतं कपाटांमधून फिरू द्या. याद्या करून मिळत नाही असं पुष्कळ काही तिथे हाताला लागतं.

खाडीपल्याड

सईचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो ले ग्विन यांनाही पुढे जाणवला होता, चौथं पुस्तक त्यांनी त्यासाठीच लिहिलं म्हणायला हरकत नाही. तरी मी पहिल्यापासूनच म्हणेन आणि कारण सईनंच दिलंय. दुसऱ्या भागात गेड चोर वाटतो याची खरी मजा तो आधी कोण होता हे माहीत असेल तरच पूर्ण येते. सईनं अर्धं का होईना पहिलं वाचलं होतं. पण लायब्ररीच्या बाईंनी सांगितलेलं सगळ्यात बरोबर, दोन्ही समोर ठेवा, तिनं दुसरं उचललं तर उचलू द्या, एक शब्द बोलू नका.

सगळे भाग एकत्र असलेलं ते पुस्तक म्हणजे चार्ल्स व्हेसच्या चित्रांचं, २०१८ साली पन्नास वर्षांनिमित्त आलेलं. चित्रं अप्रतिम आहेत, माझ्याकडे आहे. पण हजारेक पानांचं मोठ्या आकाराचं धूड आहे, टेबलावर ठेवूनच वाचायला लागतं. मुलगी पलंगावर लोळून, लोकलमध्ये, डबा खाताना वाचणार. सुटी पेपरबॅक घ्या, कोणताही इंग्लिश मीडियमचा सातवीतला मुलगा मुलगी दप्तरात टाकून नेईल एवढी लहान असतात.

एकत्र पुस्तक नको म्हणायला आणखी एक कारण आहे आणि ते महत्त्वाचं. पहिले तीन भाग १९६८ ते १९७२ मधले, तिसरा 'द फार्देस्ट शोर' मरणाबद्दल आहे, थोडा संथ आहे, पण वाचू शकेल. चौथा 'टेहानू' आला १९९० मध्ये. तो मोठ्या बाईच्या नजरेतून लिहिलाय आणि त्यात एका लहान मुलीवर झालेला अत्याचार कथेच्या मुळाशी आहे. माझ्या मते सगळ्यात श्रेष्ठ तोच, पण बाराव्या वर्षी नाही. एकत्र पुस्तकात तिसरं संपलं की पान उलटलं की चौथं सुरू, आणि ही मुलगी थांबणारी नाही हे तुम्हीच सांगितलंय. म्हणून आत्ता पहिले दोन आणा, तिसरं मागितलं तर द्या. टेहानू दहावीनंतर, आणि तेव्हा ताईंनी आधी स्वतः वाचून मग द्यावं.